बाजारहाट आणि बँकेचा संशय

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यांतील सोलापूर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तेथील बाजाराची गर्दी निराळी वर्णून सांगावयास नको. श्रीसिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची चाहूल लागलेली असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीची तयारी चाललेली असते. आणि नव्या पेठेपासून चाटी गल्लीपर्यंत पायीं जाणारालासुद्धां अंग चोरून वाट काढावी लागते. अशा एखाद्या सायंकाळीं एक निवृत्त शिक्षिका बाजाराला निघाल्या आहेत, असा प्रसंग श्रोत्यांनीं कल्पनेंत आणावा. बाईंचें नांव कांहींहि असूं शकेल. त्यांच्यासारख्या बाई सोलापुरांत पेठोपेठीं आहेत.

बाईंच्या हातांत कापडी पिशवी आहे आणि पिशवींतील पाकिटांत बँकेचें कार्ड. पुण्यास असलेल्या मुलाच्या आग्रहावरून तें त्यांनीं नुकतेंच नवें मागविलेलें. हें कार्ड यंत्राला नुसतें टेकविलें कीं काम होतें. पांच हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीस गुप्त आंकडा दाबावा लागत नाहीं. मुलानें समजावून सांगितलें होतें, तरी बाईंचा विश्वास बसला नव्हता. म्हणून प्रथम त्यांनीं एका दुकानांत वीस रुपयांची कुंकवाची पुडी घेतली आणि कार्ड चालतें कीं नाहीं याची परीक्षा पाहिली. तें चाललें. मग तीळगुळाचें साहित्य झालें, शेंगांची चटणी झाली. पुढें चाटी गल्लींत सुनेच्या माहेरीं पाठवावयाच्या दोन चादरी झाल्या, आणि दोन पावलांवरच्या दुसऱ्या दुकानांत चार टॉवेल झाले. हा सारा व्यवहार सव्वा तासांत उरकला. शेवटीं राहिलें औषधांचें दुकान. घरीं यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळींच संपल्या होत्या, आणि खरें म्हणजे बाई घराबाहेर पडल्या त्या याच कामासाठीं.

तेथें कार्ड चाललें नाहीं.

“बाई, घेत नाहीं म्हणतंय,” दुकानदार यंत्राकडे पाहत म्हणाला.

“अहो, असं कसं होईल? आतांच तर चादरी घेतल्या कीं मी!”

“थांबा, पुन्हां लावून बघूं.”

पुन्हां लावून तोच प्रकार झाला. पाठीमागें चारपांच माणसें उभीं होतीं. त्यांतील एकानें घड्याळ पाहिलें. तितक्यांत बाईंच्या पिशवींत फोन वाजला, आणि त्यावर बँकेचा संदेश आला. तो इंग्रजींत होता. त्याचा मथितार्थ असा, कीं आपल्या कार्डावरील कांहीं व्यवहार संशयास्पद दिसल्यामुळें कार्ड तात्पुरतें रोखलें आहे. व्यवहार आपलेच असल्यास तसें बँकेला कळवावें, नसल्यास त्वरित कळवावें. बाईंनीं चष्मा वर करून तो दोनदां वाचला. त्यांना त्यांतील ‘संशयास्पद’ हा एकच शब्द नीट दिसला असावा.

“न्या हो बाई औषध,” दुकानदार म्हणाला. “पैसे काय पळून जातात काय?” आणि त्यानें गल्ल्याजवळची वही ओढून तींत एक ओळ लिहिली.

घडलें तें एवढेंच. कोणाचे पैसे गेले नाहींत, कोणाची चोरी झाली नाहीं. तरी घरीं परततांना बाईंच्या मनाला जें लागलें, तें पैशाचें नव्हतें. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा पगार आणि पुढें निवृत्तिवेतन ज्या बँकेंत जमा होत आलें, त्या बँकेला त्यांची शंका आली. आणि ज्या दुकानदाराचा त्यांच्याशीं महिन्याकाठीं गोळ्यांच्या चार पाकिटांपुरता संबंध, त्यानें मात्र एका शब्दाचीहि चौकशी न करतां औषध हवालीं केलें. गिऱ्हाईक एकच असतां दोन निर्णय उलट झाले, याचें कारण उघड आहे. दुकानदार माणूस पाहत होता. बँक आंकडे पाहत होती.

आतां बँकेच्या बाजूनें हेच आंकडे पाहावे. खात्याची आजवरची रीत अशी, कीं महिन्याच्या आरंभीं निवृत्तिवेतन जमा व्हावें, दोनचार दिवसांत एकदां यंत्रांतून रोख रक्कम काढली जावी, विजेचें बिल भरलें जावें आणि पुढें महिनाभर खातें निवांत असावें. अशा खात्यावरील नवें कार्ड एका सायंकाळीं अकस्मात् जागें होतें. प्रथम वीस रुपयांची खरेदी. मग थोडी मोठी, मग त्याहून मोठी. सव्वा तासांत पांच दुकानें. प्रत्येक रक्कम पांच हजारांच्या आंत, म्हणजे गुप्त आंकड्याची गरज एकदांहि पडलेली नाहीं. त्यांतून टॉवेलांच्या दुकानाचें यंत्र ज्या व्यापारी पेढीच्या नांवें नोंदलेलें, तिचा पत्ता परगांवचा. दुकानाच्या पाटीवर एक नांव आणि बँकेच्या नोंदींत दुसरें, असें पुष्कळदां असतें. कित्येक गृहस्थ स्वतःच केलेली खरेदी संदेशांतील अनोळखी नांवामुळें चोरी समजून घाबरतात, तें यामुळेंच. यंत्राला तर दुकानाची पाटी दिसतच नाहीं.

आणि कार्ड चोरणारा तरी याहून निराळें काय करतो? हातीं लागलेलें कार्ड जिवंत आहे किंवा नाहीं हें तो आधीं अगदीं क्षुल्लक खरेदीनें पाहतो. तें जिवंत निघालें, कीं मालकाच्या लक्षांत येण्यापूर्वीं घाईघाईनें एकामागून एक दुकानें गांठतो. गुप्त आंकडा त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो आंकड्याची गरज पडणार नाहीं इतकीच रक्कम खर्च करतो. बाईंनीं कुंकवाची पुडी घेऊन कार्डाची परीक्षा पाहिली, ती चोराच्या परीक्षेहून कागदावर रतिमात्र वेगळी दिसत नव्हती. वीस रुपयांची खरेदी वीस हजारांच्या खरेदीपेक्षां अधिक संशय उत्पन्न करूं शकते, ही गोष्ट ऐकतांना चमत्कारिक वाटते खरी. परंतु तींत तर्क आहे.

पैशाच्या देवघेवींत अनोळखी माणसाविषयीं सावधगिरी बाळगणें हें कांहीं या यंत्रयुगानें शिकविलें नाहीं. हुंडीचा व्यवहार ज्या काळीं पेठापेठांतून चालत असे, त्या काळीं शहाजोग हुंडी म्हणून एक प्रकार होता. ती हातीं घेऊन येणाऱ्या कोणाहि माणसाला पैसे देत नसत. बाजारांत पत असलेल्या, माहितींतल्या शहामार्फत ती आली पाहिजे, असा दंडक असे. म्हणजे उद्यां हुंडी खोटी अथवा चोरीची ठरली, तर पैसे कोणाकडे मागावयाचे हें ठरलेलें राही. मूळ हुंडी गहाळ झाली तर पैठ, तीहि गहाळ झाली तर परपैठ, अशा तिच्या प्रतीहि लिहून मिळत. या साऱ्या व्यवस्थेचा पाया ओळख हा होता. ओळख नसलेल्याची गैरसोय होई, कधीं त्याचा अपमानहि होत असेल. पण ओळखीच्या माणसाला मात्र कोणी अडवीत नसे. पुढें बँका आल्या. तेथें ओळखीच्या जागीं सहीचा नमुना आला. धनादेशावरील सही आणि दफ्तरांतील सही ताडून पाहणारा कारकून बहुधा खातेदाराला चेहऱ्यानेंहि ओळखत असे, आणि सहीचा शेपटा थोडा वांकडा गेला तर “आज हात थरथरला वाटतं?” असें विचारून मोकळा होई.

तो कारकून आतां त्या जागीं नाहीं, आणि असता तरी त्याच्यानें हें काम झालें नसतें. कार्ड यंत्राला टेकविल्यापासून होकार मिळेपर्यंत दुकानदाराच्या यंत्राकडून निरोप निघतो, दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तेथून कार्डांच्या जाळ्यामार्फत खातेदाराच्या बँकेकडे पोंचतो आणि तेथील उत्तर त्याच वाटेनें परत येतें. गिऱ्हाइकाला हें सारें दोनतीन क्षणांचें वाटतें. त्यांतील संशयाच्या निर्णयासाठीं बँकेच्या वाट्याला जो वेळ येतो, तो डोळ्याची पापणी लवण्याइतकाहि क्वचितच असतो. इतक्या अवधींत चेहरा आठवणें शक्य नाहीं. गणित करणें मात्र शक्य आहे.

हें गणित यंत्राकडून करून घेण्याचा मोठा उपक्रम अमेरिकेंत झाला. सॅन दिएगो शहरांत रॉबर्ट हेक्ट-नील्सन यांनीं १९८६ मध्यें स्थापन केलेल्या एचएनसी कंपनीनें १९९२ मध्यें ‘फाल्कन’ म्हणजे ससाणा या नांवाची एक गणकयंत्रीय योजना तयार केली. मेंदूंतील मज्जातंतूंच्या जाळ्याचें ढोबळ अनुकरण करून तिची रचना केलेली होती. तिला नियम शिकविलेले नव्हते. खऱ्या आणि खोट्या व्यवहारांचे असंख्य नमुने तिच्यापुढें ठेवण्यांत आले आणि त्यांतील फरक तिनें आपल्या परीनें हेरला. प्रत्येक नव्या व्यवहाराला ती संशयाचे गुण देई. गुण ठराविक मर्यादेपलीकडे गेले, कीं बँकेनें विचारपूस करावी. ही कंपनी २००२ मध्यें फेअर आयझॅक या दुसऱ्या कंपनींत विलीन झाली; पण ससाण्याचा वंश जगभर वाढला आहे. भारतांतहि रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२५ मध्यें जे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचें ठरविलें, त्यांत व्यवहाराचें ठिकाण, खातेदाराची नेहमींची रीत आणि त्याच्या हातांतील उपकरण यांवरून जोखीम अजमावून अधिक तपासणी करण्याची मुभा बँकांना दिलेली आहे.

येथें एक शंका साहजिक आहे. यंत्र जर इतकें हुशार, तर त्यानें निरपराध बाईंना कां अडवावें? याचें उत्तर शाळेंतील अंकगणितानें देतां येतें, आणि निवृत्त शिक्षिकेला तें आवडावें. समजा, एका दिवशीं एक लक्ष व्यवहार झाले आणि त्यांत चोरीचे दहाच आहेत. समजा, यंत्र त्या दहांपैकीं नऊ पकडतें, आणि प्रामाणिक व्यवहारांच्या बाबतींत शंभरांत एकदांच चुकतें. शंभरांत एक चूक म्हणजे उत्तम निकाल होय; असा विद्यार्थी वर्गांत पहिला येईल. परंतु प्रामाणिक व्यवहार आहेत ९९,९९०. त्यांच्या शंभरांत एक या हिशेबानें सुमारें एक हजार प्रामाणिक गिऱ्हाइकांना इशारा जाईल, आणि चोर सांपडतील नऊ. म्हणजे शंभर इशाऱ्यांमध्यें एकहि पुरता खरा निघणार नाहीं. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षांत बँका ते पुष्कळ सुधारूं शकतात. पण जेथें चोर फार थोडे आणि सज्जन फार पुष्कळ, तेथें अत्यंत चांगली चाळणीहि मुख्यतः सज्जनांनाच अडवील, हें गणित कोणाला चुकवितां येत नाहीं. बाईंना अडविलें गेलें तें त्या संशयास्पद होत्या म्हणून नव्हे. जगांत चोर थोडे आहेत म्हणून.

मग चाळणी सैल कां करूं नये? याचें उत्तर देण्यासाठीं अमेरिकेला जाण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें जो प्रसंग गुदरला, तो महाराष्ट्रांतील ठेवीदारांच्या स्मरणांतून गेलेला नाहीं. १९०६ सालीं स्थापन झालेली ही जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट, शनिवार. दुपारनंतरच्या कांहीं तासांत, निरनिराळ्या २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्यानें सुमारें ७८ कोटी रुपये काढण्यांत आले. देशांतील यंत्रांतूनहि सुमारें अडीच कोटी गेले. त्यांत कोल्हापूरचीं यंत्रेंहि होतीं. पुढें सोमवारीं, १३ तारखेस, जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत परस्पर वळविले गेले. एकंदर रक्कम ९४ कोटींच्या वर.

या चोरीची तऱ्हा समजून घेण्याजोगी आहे. कार्ड यंत्रांत घातल्यावर “पैसे द्यावे काय?” असा जो प्रश्न बँकेकडे येतो, तो चोरांनीं वाटेंतच अडविला आणि बँकेच्या वतीनें “द्यावे” असें उत्तर देणारी खोटी व्यवस्था मध्यें उभी केली. खरी बँक अंधारांत. खोटी बँक प्रत्येक प्रश्नाला होकार देत बसलेली. ज्या दाराशीं बाईंना नकार मिळाला, त्याच दाराशीं त्या शनिवारीं जगांतील कोणालाहि होकार मिळत होता. खातेदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहींत, तो फटका बँकेला बसला. पण सहकारी बँकेचा पैसा शेवटीं सभासदांचाच असतो. पुण्याच्या न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें या प्रकरणीं अकरा जणांना दोषी ठरविलें. ज्यांनीं हा कट मुळांत रचला ते सूत्रधार निराळे. शिक्षा झाली ती प्रायः यंत्रांपुढें उभें राहून नोटा गोळा करणारांना.

अशा घटनांची धास्ती घेतलेली बँक नाहीं म्हणावयास शिकली, तर तिला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. दोष द्यावयाचा तो नाहीं म्हणण्याच्या रीतीला. बाईंना संदेश आला तो इंग्रजींत. सोलापुरासारख्या शहरांत, जेथें एकाच गल्लींत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू बोलणारीं घरें नांदतात, तेथें चारहि घरांना सारखाच परका असा संदेश पाठविण्यांत एक प्रकारची समता आहे, असें फार तर म्हणतां येईल.

इशारा मुळीं यावा कां, आणि आल्यावर खातेदाराचे हक्क कोणते, याविषयीं मात्र रिझर्व्ह बँकेनें क्रमाक्रमानें बरीच घडी बसविली आहे. ऑगस्ट २००९ पासून, कार्ड समोर नसतां दूरस्थ रीतीनें होणाऱ्या खरेदीस दुसरी ओळख पटविणें आवश्यक झालें; घरोघर ज्याला ओटीपी म्हणतात, तो आंकडा या नियमाचाच परिपाक. जुलै २०११ पासून कार्डावरील प्रत्येक व्यवहाराची सूचना, रक्कम कितीहि लहान असो, खातेदाराला देणें बँकांवर बंधनकारक झालें. डिसेंबर २०१३ पासून दुकानांत डेबिट कार्डाला गुप्त आंकड्याची जोड आली. पुढें लहान रकमांना त्यांतून सूट मिळाली, आणि जानेवारी २०२१ पासून त्या सुटीची मर्यादा दोन हजारांवरून पांच हजार झाली. सोय वाढली तशी संशयाची गरजहि वाढली, हें त्यांत ओघानेंच आलें.

या सर्वांत घरगुती दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें जुलै २०१७ चें परिपत्रक, जें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सहकारी बँकांनाहि लागू करण्यांत आलें. त्यानें असें ठरविलें, कीं चूक बँकेचीहि नाहीं आणि खातेदाराचीहि नाहीं, व्यवस्थेंत अन्यत्र कोठेंतरी भगदाड पडलें आणि पैसे गेले, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या खातेदारावर कसलीहि तोशीस येऊं नये. सूचना मिळाली तो दिवस मोजावयाचा नाहीं. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत कळविल्यास खात्याच्या प्रकाराप्रमाणें पांच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत मर्यादेचा भार त्यानें सोसावा. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या संचालक मंडळाचें धोरण काय असेल तें. कळविल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती परत जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, आणि दोष खातेदाराचा होता हें सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असावी, असेंहि त्यांत होतें. मात्र खातेदारानें स्वतःच्या तोंडानें गुप्त आंकडा दुसऱ्याला सांगितला, तर बँकेला कळवीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें त्यानेंच भोगावें.

हें शेवटचें कलम बाईंना दुसऱ्याच दिवशीं भेटीला आलें.

सकाळीं साडेनऊचा सुमार. बाई बँकेंत जाण्याच्या तयारींत होत्या. फोन वाजला. पलीकडे एक अतिशय विनयशील तरुण होता.

“नमस्कार मॅडम, बँकेंतून बोलतोय. आपलं कार्ड थांबलंय ना?”

बाईंना हायसें वाटलें. बँकेला आपली आठवण आहे तर!

“हो हो, कालपासून. अहो, भर बाजारांत—”

“फार गैरसोय झाली मॅडम, क्षमा असावी. आतां दोन मिनिटांत सुरू करून देतों. आपल्या फोनवर एक आंकडा येईल, तेवढा सांगा.”

आंकडा आला. सहा अंकांचा. बाईंनीं पहिले दोन अंक सांगितलेहि. इतक्यांत आंतल्या खोलींतून यजमानांनीं हांक मारली, “अगं, कोणाशीं बोलतेस एवढं?” आणि बाई क्षणभर थांबल्या. तेवढ्या थांबण्यांत त्यांच्या दृष्टीस तो संदेश पूर्ण पडला. त्यावर आंकड्याबरोबर रक्कमहि होती, अठरा हजार कांहींशे. आणि खालीं, हा आंकडा कोणालाहि सांगूं नये, अशी ओळ. कार्ड सुरू करावयास अठरा हजार कशाला लागतात, हा प्रश्न कोणाहि गणिताच्या शिक्षिकेला पडण्यासारखा आहे.

“तुमचं नांव काय म्हणालात?” बाईंनीं विचारलें.

पलीकडचा विनय तत्काळ आटला. वेळ संपत आहे, आतां न सांगितल्यास खातें कायमचें बंद होईल, असें तो दरडावून बोलूं लागला. बाईंनीं फोन ठेवला. मग पाकिटांतून कार्ड काढलें, त्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक भिंगाखालीं धरून वाचला आणि स्वतःच तो फिरविला.

या तरुणाला बाईंचें कार्ड थांबल्याचें कसें कळलें? बहुधा कळलेंच नव्हतें. असे लोक दिवसाकाठीं शेंकडों फोन करतात, आणि प्रत्येकाला तेंच वाक्य म्हणतात. ज्याचें कार्ड चालू आहे तो हसून फोन ठेवतो. ज्याचें आदल्या दिवशीं खरोखरच थांबलें आहे, त्याला मात्र तें वाक्य बँकेच्याच मुखांतून आल्यासारखें वाटतें. खरा इशारा खोट्या इशाऱ्यासाठीं जमीन अशी नांगरून ठेवतो. बँकांनीं व्यवहाराचे फोन १६०० या आरंभाच्या क्रमांकांवरूनच करावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ मध्यें दिली ती याच कारणानें. आणि फसवणूक झाल्याचें लक्षांत येतांच कळविण्यासाठीं १९३० हा क्रमांक देशभर ठेवण्यांत आला आहे. त्या क्रमांकावर जितकें लौकर कळवावें, तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची शक्यता अधिक. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत पळविला जातो, आणि शेवटीं कोठल्या तरी यंत्रांतून रोख निघाला कीं माग संपतो. लांडगा आला म्हणून दहादां खोटी ओरड ऐकलेला गृहस्थ अकरावा संदेश न वाचतांच पुसून टाकतो. कळविण्याची मुदत मात्र त्याच संदेशापासून सुरू झालेली असते.

बँकेच्या खऱ्या क्रमांकावर बाईंना बराच वेळ संगीत ऐकावें लागलें. तें संपल्यावर जी मुलगी बोलली, तिनें कोणताहि गुप्त आंकडा विचारला नाहीं. जन्मतारीख आणि आणखी एकदोन गोष्टी विचारून तिनें आदल्या सायंकाळच्या पांचहि खरेद्या एकामागून एक वाचून दाखविल्या. कुंकू, तीळ, चटणी, चादरी यांचें तिच्यापुढें कांहींच नव्हतें. होतीं तीं केवळ पेढ्यांचीं नांवें आणि रकमा. बाई एकेका रकमेला “हो, ती चटणी,” “हो, त्या चादरी” असें उत्तर देत होत्या. टॉवेलांच्या दुकानाचें परगांवचें नांव आलें तेव्हां त्या अडखळल्या. “हें मीं घेतलेलं नाहीं,” असें त्या म्हणाल्याहि. मग रक्कम पुन्हां विचारली, पिशवींतील पावती काढली, आणि नांव निराळें पण रुपये तेच, असें पाहून त्यांनीं तेंहि आपलेंच म्हणून कबूल केलें. कार्ड सुरू झालें. सकाळच्या अठरा हजारांची हकीकतहि बाईंनीं तिला सांगितली. तेव्हां तें कार्ड रद्द करून नवें पाठविण्याचें ठरलें, कारण त्याचा क्रमांक आणि मुदत चोराच्या हातीं असल्यावांचून तो संदेश आलाच नसता. म्हणजे सुरू झालेलें कार्ड पांच मिनिटांत पुन्हां बंद झालें, आणि या खेपेस बाईंच्याच सांगण्यावरून.

औषधांच्या दुकानांत त्या सायंकाळीं बाईंनीं रोख पैसे दिले. दुकानदारानें वही उघडली, आदल्या दिवसाची ओळ शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

“मग, सुरू झालं काय बाई कार्ड?”

“झालं होतं. मीच बंद करायला लावलं.”

दुकानदारानें मान वर करून त्यांच्याकडे पाहिलें, पण मागें रांग होती.